मैंने पायल है छनकाई (अल्बम)

मैंने पायल है छनकाई हा भारतीय पॉप गायिका फाल्गुनी पाठक यांचा हिंदी गीतांचा अल्बम आहे. तो १९९९ मध्ये युनिव्हर्सल म्युझिक या कंपनीने प्रकाशित केला. याद पिया की आने लगी (१९९८) या पहिल्या यशस्वी अल्बमनंतर वर्षभरात आलेला हा पाठक यांचा दुसरा पॉप अल्बम असून तोही व्यावसायिकदृष्ट्या यशस्वी ठरला. त्याचे शीर्षकगीत संगीतवाहिन्यांवर आणि नवरात्रोत्सवातील गरब्यात सारखेच लोकप्रिय झाले. मुंबईसह ठाणे, कल्याण, डोंबिवली या शहरांतील गरबा कार्यक्रमांत ते आजही वाजवले जाते. २०२२ मध्ये या गीताची नवी आवृत्ती निघाली, तेव्हा मूळ गायिकेकडे गीताचे हक्क नाहीत ही बाब चर्चेत आली. त्यामुळे भारतीय पॉप संगीतात गायकाचे यश आणि गायकाचे हक्क यांत किती अंतर असते, याचे उदाहरण म्हणूनही या अल्बमचा उल्लेख होतो.

पार्श्वभूमी

इंडिपॉपचा काळ

१९९० च्या दशकापर्यंत भारतातील लोकप्रिय संगीत म्हणजे प्रामुख्याने चित्रपटसंगीत होते. भावगीते, भक्तिगीते, गझल आणि लोकगीते यांच्या ध्वनिमुद्रिका व कॅसेट निघत असत. परंतु चित्रपटाचा आधार नसलेल्या हिंदी गाण्याला देशभर श्रोता मिळणे अवघड होते. १९९१ नंतर शहरांत केबल दूरचित्रवाणी पसरली. १९९४ मध्ये चॅनल व्ही आणि १९९६ मध्ये स्वतंत्र स्वरूपात एमटीव्ही या संगीतवाहिन्या भारतात सुरू झाल्या. या वाहिन्यांना दिवसभर दाखवण्यासाठी संगीत व्हिडिओ हवे होते आणि ध्वनिमुद्रण कंपन्यांना चित्रपटाशिवाय गाणी विकण्याचा मार्ग हवा होता. या दोन गरजा जुळल्यावर 'इंडिपॉप' नावाने ओळखला जाणारा प्रवाह बळावला.

अलिशा चिनॉय यांचा मेड इन इंडिया (१९९५), दलेर मेहंदी यांचा बोलो ता रा रा (१९९५) आणि लकी अली यांचा सुनो (१९९६) हे या प्रवाहातील आरंभीचे गाजलेले अल्बम होत. या अल्बमांमुळे चित्रपटातील नायिकेला किंवा नायकाला आवाज देणारा 'पार्श्वगायक' मागे सरून स्वतःच्या नावाने, स्वतःच्या चेहऱ्याने ओळखला जाणारा गायक पुढे आला. मराठीतही चित्रपटाबाहेरच्या गीतांचे अल्बम याच काळात नव्या स्वरूपात येऊ लागले.

गायिका

फाल्गुनी पाठक यांचा जन्म एका गुजराती कुटुंबात झाला. त्यांनी लहानपणापासून रंगमंचावर गाण्यास सुरुवात केली आणि १९९० च्या दशकात 'ता थैया' हा स्वतःचा वाद्यवृंद उभारला. अल्बम येण्यापूर्वीच नवरात्रातील गरबा व दांडियाच्या कार्यक्रमांमुळे मुंबईच्या उपनगरांत त्यांचे नाव झाले होते. पुढे त्यांना 'दांडिया क्वीन' असे संबोधले जाऊ लागले. आखूड केस, शर्ट आणि पँट हा त्यांचा रंगमंचावरील कायमचा वेश आहे. चनिया-चोळीतील गायिका ही गरब्याच्या मंचाची रूढ प्रतिमा असताना त्यांनी हा वेश बदलला नाही आणि तीच त्यांची ओळख बनली.

पहिला अल्बम

याद पिया की आने लगी हा अल्बम १९९८ मध्ये आला. त्याच्या शीर्षकगीतात हातातील बांगड्यांच्या किणकिणाटाने प्रियकराची आठवण जागी होते. या गीताच्या व्हिडिओत अभिनेत्री रिया सेन होत्या. गरब्याच्या मैदानावर गुजराती गीते गाणारी गायिका या अल्बममुळे हिंदी भाषक श्रोत्यांच्या घराघरांत पोहोचली.

दुसऱ्या अल्बमचे महत्त्व

पॉप संगीतात दुसरा अल्बम कसोटीचा मानला जातो. पहिल्या अल्बममागे बहुधा अनेक वर्षांची तयारी असते, तर दुसऱ्यासाठी कंपनी काही महिन्यांचाच अवधी देते. पहिल्यासारखेच गाणे दिले तर पुनरावृत्तीचा दोष येतो आणि फार वेगळे दिले तर जमलेला श्रोता दुरावण्याची भीती असते. इंडिपॉपमध्ये ही अडचण अधिक तीव्र होती. कारण यश पुष्कळदा एका गाण्यावर आणि त्याच्या व्हिडिओवर अवलंबून असे. एका गाण्याने गाजून नंतर विस्मरणात गेलेले गायक या काळात बरेच आढळतात.

मैंने पायल है छनकाई मध्ये पहिल्या अल्बमची चौकट जवळजवळ तशीच ठेवली गेली. बांगड्यांच्या जागी पैंजण आले. शीर्षकाचा अर्थच 'मी पैंजण वाजवले आहे' असा आहे. किशोरवयीन प्रेम, त्यातील लाजरेपणा, साधी हिंदी शब्दयोजना आणि सहज गुणगुणता येणारे ध्रुवपद ही वैशिष्ट्ये कायम राहिली. पाठक यांच्या बाबतीत पुनरावृत्ती दोषाची ठरली नाही, यामागे त्यांचा दुहेरी श्रोतृवर्ग हे महत्त्वाचे कारण होते. वाहिनीवरील प्रेक्षकाला नावीन्य हवे असते. गरब्यातील खेळणाऱ्याला मात्र ओळखीचा ठेका आणि लगेच पाठ होणारी ओळ हवी असते. पाठक यांच्या गीतांचे दरवर्षी नऊ रात्री नव्याने सादरीकरण होत असल्याने त्यांचे आयुष्य व्हिडिओच्या प्रसारणाबरोबर संपले नाही.

संगीत

शीर्षकगीताची बांधणी लोकगीताच्या वळणाची आहे. छोटे ध्रुवपद पुन्हा पुन्हा येते, अंतरे आटोपशीर आहेत आणि प्रत्येक अंतऱ्यानंतर श्रोत्याला ध्रुवपदात सामील होता येते. अशी रचना गरब्याच्या परंपरेशी जवळचे नाते सांगते. तेथेही मुख्य गायक ओळ म्हणतो आणि फेर धरणारे तीच ओळ उचलतात.

गरबा व रास यांच्या साथीला प्रामुख्याने दोन प्रकारचे ठेके आढळतात. 'हींच' हा सहा मात्रांचा, झोके घेणारा ठेका होय, तर केहरवा आठ मात्रांचा आहे. शीर्षकगीताची चाल आठ मात्रांच्या सरळ ठेक्यावर बसते. त्यामुळे टाळ्यांचा गरबा, दांडिया आणि नुसते नाचणे या तिन्हींसाठी ते वापरता येते आणि पारंपरिक गुजराती गीतांच्या मालिकेत लय न मोडता जोडता येते. ध्वनिमुद्रणात ढोलकीच्या अंगाच्या तालवाद्यांबरोबर त्या काळातील इंडिपॉपमध्ये रूढ असलेल्या कीबोर्डच्या सुरावटी आहेत. पाठक यांचा आवाज मोकळा आणि ठसठशीत असून त्यात नाजूक हरकतींपेक्षा शब्द स्पष्ट पोहोचवण्यावर भर आहे. उघड्या मैदानात हजारो लोकांसमोर गाण्याच्या सवयीशी हा गुण सुसंगत आहे.

व्हिडिओ

शीर्षकगीताच्या व्हिडिओत विवान भाटेना आणि निखिला पलट यांनी भूमिका केल्या. भाटेना पुढे दूरचित्रवाणी मालिका व चित्रपटांत अभिनेते म्हणून परिचित झाले. कठपुतळ्यांच्या खेळाचे रूप घेतलेले नृत्य हे या व्हिडिओचे लक्षात राहणारे अंग आहे.

पाठक यांच्या या काळातील व्हिडिओंमध्ये गायिका स्वतः कथेची नायिका नसते. ती आपल्या नेहमीच्या वेशात कथेच्या कडेला वावरते, गाते आणि तरुण नायक-नायिकेला जवळ आणणाऱ्या हितचिंतकाचे काम करते. चित्रपटगीतात गाणारी व्यक्ती अदृश्य असते आणि बहुतेक इंडिपॉप व्हिडिओंत ती मध्यभागी असते. पाठक यांनी या दोहोंमधील जागा निवडली. कथा स्वच्छ, घरगुती आणि शाळा-महाविद्यालयीन वातावरणातील असल्याने कुटुंबातील सर्व वयाच्या प्रेक्षकांना हे व्हिडिओ एकत्र पाहता येत. मेरी चुनर उड उड जाए या त्यांच्या गीताच्या व्हिडिओत आयेशा टाकिया व तृषा कृष्णन या पुढे नामवंत झालेल्या अभिनेत्री होत्या.

स्त्रीत्वाच्या रूढ वेशभूषेपासून दूर असलेली आणि त्याबद्दल कोणतेही स्पष्टीकरण न देणारी गायिका कौटुंबिक प्रेक्षकांनी सहज स्वीकारली, या गोष्टीकडे लिंगभाव आणि समलिंगी ओळख यांवरील नंतरच्या लेखनाने लक्ष वेधले आहे.

गरबा आणि मुंबई महानगर प्रदेश

गरबा हा गुजरातमधील देवीच्या उपासनेशी जोडलेला नृत्यप्रकार आहे. छिद्रे असलेल्या मातीच्या घटात दिवा ठेवून त्याभोवती फेर धरला जातो. महाराष्ट्रातील नवरात्रातही घटस्थापना असते. मात्र मराठी घरांत या दिवसांतील फेराचे गाणे म्हणजे भोंडला किंवा हादगा. पाटावर हत्तीचे चित्र मांडून मुली व स्त्रिया त्याभोवती गाणी म्हणतात आणि शेवटी खिरापत ओळखण्याचा खेळ होतो. मुंबई आणि ठाणे जिल्ह्याच्या शहरांत गुजराती, कच्छी व मराठी कुटुंबे एकाच वसाहतीत राहू लागल्यावर गरबा सर्वांचा झाला. भोंडला घराच्या अंगणात किंवा शाळेत राहिला आणि इमारतीच्या आवारातील रात्रीचा कार्यक्रम गरब्याचा ठरला.

ठाणे, कल्याण व डोंबिवली येथे नवरात्राची वेगवेगळी रूपे शेजारीशेजारी आढळतात. ठाण्यात टेंभी नाक्यावरील आनंद दिघे यांनी सुरू केलेला देवीचा उत्सव आणि कल्याणमध्ये दुर्गाडी किल्ल्यावरील देवीची यात्रा ही सार्वजनिक दर्शनाची ठिकाणे आहेत. मोठ्या मैदानांवर राजकीय व सामाजिक मंडळांचे गरबा कार्यक्रम होतात, तर गृहसंकुलांच्या आवारात रहिवाशांचा छोटा गरबा असतो. मोठ्या मैदानावर गायक व वाद्यवृंद प्रत्यक्ष असतात. गृहसंकुलात मात्र ध्वनिमुद्रित गाण्यांवरच भागवावे लागते. पूर्वी त्यासाठी कॅसेट, नंतर सीडी आणि आता मोबाइलमधील यादी वापरली जाते. पाठक यांची हिंदी गीते या दुसऱ्या प्रकारच्या गरब्यात विशेष रुळली, कारण गुजराती न समजणाऱ्या खेळणाऱ्यांनाही त्यांचे शब्द येत होते. मुंबईत बसून गाणाऱ्या गायिकेचा आवाज अशा रीतीने एकाच रात्री उपनगरांतील असंख्य आवारांत ऐकू येऊ लागला.

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धक लावण्यास मनाई आहे. सांस्कृतिक वा धार्मिक उत्सवांसाठी राज्य शासन वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्री १२ वाजेपर्यंत सवलत देऊ शकते. हे दिवस गणेशोत्सवासह इतर सणांतही वाटले जात असल्याने नवरात्रातील मोजक्याच रात्री वाढीव वेळ मिळते. पूर्वी पहाटेपर्यंत चालणारा गरबा त्यामुळे काही तासांवर आला. कमी वेळेत सर्वांना माहीत असलेली गाणी घेण्याकडे आयोजकांचा कल वाढला आणि जुनी लोकप्रिय गीते कार्यक्रमात टिकून राहिली. गुजरातचा गरबा डिसेंबर २०२३ मध्ये युनेस्कोच्या मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या प्रातिनिधिक यादीत समाविष्ट झाला.

हक्क व मालकी

एखाद्या अल्बममधील गीतात प्रताधिकार कायदा, १९५७ नुसार अनेक स्वतंत्र हक्क गुंतलेले असतात. शब्दांचा कर्ता गीतकार असतो, चालीचा कर्ता संगीतकार आणि ध्वनिमुद्रणाचा कर्ता निर्माता, म्हणजे सामान्यतः ध्वनिमुद्रण कंपनी. ज्या व्यक्तीच्या आवाजामुळे गाणे ओळखले जाते त्या गायकाचे स्थान या तिघांत नाही. गायकाला 'सादरकर्ता' म्हणून वेगळे हक्क असतात. ते १९९४ च्या दुरुस्तीने कायद्यात आले. २०१२ च्या दुरुस्तीने सादरकर्त्याला व्यावसायिक वापरातील स्वामित्वधनाचा हक्क आणि आपल्या सादरीकरणाची प्रतिष्ठेला बाधक अशी मोडतोड झाल्यास हरकत घेण्याचा नैतिक हक्क मिळाला.

हे हक्क गायकाच्या स्वतःच्या सादरीकरणापुरते मर्यादित आहेत. तेच गीत दुसऱ्या गायकाने नव्याने गायले तर मूळ गायकाचे सादरीकरण वापरले गेले असे होत नाही. केवळ शब्द आणि चाल वापरली जाते. २०१२ पूर्वीच्या तरतुदीनुसार मूळ ध्वनिमुद्रणानंतर दोन वर्षांनी, सूचना व स्वामित्वधन देऊन, दुसऱ्या आवाजात त्या गीताचे ध्वनिमुद्रण करता येई. स्वस्त कॅसेटच्या काळात जुनी चित्रपटगीते नव्या आवाजांत विकण्याचा मोठा व्यवसाय या तरतुदीवर उभा राहिला. २०१२ नंतर ही मुदत पाच वर्षांची झाली, दरवर्षी किमान ५०,००० प्रतींचे स्वामित्वधन देणे बंधनकारक झाले आणि तांत्रिकदृष्ट्या आवश्यक नसलेले बदल करण्यास मनाई झाली. शब्द किंवा चाल बदलून नवी आवृत्ती काढायची असल्यास हक्कधारकांची संमती घ्यावी लागते. मूळ गायक हक्कधारक नसेल तर त्याच्या संमतीची कायद्याने गरज राहत नाही.

ध्वनिमुद्रणावरील प्रताधिकार प्रकाशनाच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे टिकतो. त्यामुळे १९९९ मध्ये प्रकाशित झालेल्या या अल्बमच्या ध्वनिमुद्रणावरील हक्क २०५९ च्या अखेरीपर्यंत अस्तित्वात राहतील.

प्रत्यक्ष मंचावर गीत सादर करण्याचा व्यवहार निराळा आहे. तिकीट लावून होणाऱ्या गरबा कार्यक्रमात शब्द व चालीच्या वापरासाठी आयोजकाला परवाना घ्यावा लागतो. गायकाला मानधन मिळते ते त्या रात्रीच्या गाण्याचे. म्हणून गीताचे हक्क हाती नसतानाही पाठक यांच्यासारख्या गायिकेला त्याच गीताच्या बळावर दरवर्षी मंच मिळत राहतो.

२०२२ मधील वाद

सप्टेंबर २०२२ मध्ये टी-सीरिज कंपनीने ओ सजना हे गीत प्रकाशित केले. मैंने पायल है छनकाई च्या शीर्षकगीतावर आधारित ही नवी आवृत्ती तनिष्क बागची यांनी तयार केली आणि नेहा कक्कर यांनी गायली. मूळ गीत ऐकत वाढलेल्या श्रोत्यांनी समाजमाध्यमांवर तीव्र नाराजी व्यक्त केली. पाठक यांनी चाहत्यांच्या अशा काही प्रतिक्रिया स्वतःच्या खात्यावरून पुढे प्रसारित केल्या. कायदेशीर कारवाई करण्याची आपली इच्छा आहे, परंतु हक्क आपल्याकडे नाहीत, असे त्यांनी प्रसारमाध्यमांना सांगितले. नव्या पिढीसाठी जुनी गाणी नव्याने करण्यास त्यांचा विरोध नव्हता. मूळ गीताचा साधेपणा नव्या आवृत्तीत हरवला, हा त्यांचा आक्षेप होता. कक्कर यांनीही समाजमाध्यमावर आपली बाजू मांडली आणि स्वतःच्या कारकिर्दीचा दाखला देत टीकेला उत्तर दिले.

हा वाद नवरात्राच्या तोंडावर झाल्यामुळे त्याला अधिक प्रसिद्धी मिळाली. जुन्या गीतांच्या नव्या आवृत्त्या काढण्याची पद्धत त्या वेळी हिंदी चित्रपटसंगीतात सर्रास झाली होती. तथापि चित्रपटगीताच्या बाबतीत श्रोता संगीतकार, गीतकार, कलाकार आणि गायक या सर्वांना मिळून गाणे ओळखतो. इंडिपॉपमध्ये गाणे एकट्या गायकाच्या नावाने ओळखले जाते, त्यामुळे गायिकेच्या नाराजीला श्रोत्यांनी मालकाच्या तक्रारीचे वजन दिले. कायद्याच्या दृष्टीने मात्र ते वजन नव्हते.

इतर देशांतील तुलनीय उदाहरण

अमेरिकी गायिका टेलर स्विफ्ट यांचा दुसरा अल्बम फिअरलेस (२००८) अतिशय यशस्वी ठरला आणि २०१० मध्ये त्याला वर्षातील सर्वोत्कृष्ट अल्बमचा ग्रॅमी पुरस्कार मिळाला. त्याच्या मूळ ध्वनिमुद्रणाची मालकी कंपनीकडे होती आणि ती पुढे त्यांच्या मनाविरुद्ध विकली गेली. स्विफ्ट यांनी एप्रिल २०२१ मध्ये तोच अल्बम पुन्हा गाऊन प्रकाशित केला आणि श्रोत्यांना नवी आवृत्ती ऐकण्याचे आवाहन केले. मे २०२५ मध्ये त्यांनी आपल्या जुन्या अल्बमांची मूळ ध्वनिमुद्रणे विकत घेतल्याचे जाहीर केले. त्यांना पुनर्मुद्रण शक्य झाले, कारण त्या स्वतः आपल्या गीतांच्या लेखिका आहेत आणि शब्द व चालींवर त्यांचा हक्क होता. शब्द व चाल यांवर हक्क नसलेल्या गायकाला हा मार्ग त्याच प्रकारे खुला नसतो.

नंतरचा काळ

२००० नंतर इंडिपॉपचा बहर ओसरला. संगणकावरील एमपी३ आणि नकली सीडींमुळे विक्री घटली, कंपन्यांचा पैसा पुन्हा चित्रपटसंगीताकडे वळला आणि जुन्या गीतांच्या रीमिक्सनी वाहिन्यांवरील वेळ व्यापला. २००२ पासून मुंबईत सुरू झालेल्या खाजगी एफएम केंद्रांवरही चित्रपटगीतांचाच भरणा राहिला. या काळात अनेक इंडिपॉप गायक पार्श्वगायनाकडे गेले किंवा पडद्याआड झाले. पाठक यांचे नवे अल्बम कमी झाले तरी नवरात्रातील त्यांचे कार्यक्रम सुरू राहिले आणि बोरिवलीसारख्या उपनगरांत त्यांच्या गरब्याला मोठी गर्दी होत राहिली.

यूट्यूबवर जुने व्हिडिओ उपलब्ध झाल्यानंतर १९९० च्या दशकात बालपण गेलेल्या पिढीने हा अल्बम नव्याने ऐकला, तर त्यानंतर जन्मलेल्या श्रोत्यांची त्याच्याशी पहिली ओळख बहुधा गरब्यातच होते. गीताची कॅसेट, वाहिनी आणि कंपनीचे विक्रीचे दिवस मागे पडले असले तरी नवरात्रात ते मूळ आवाजात वाजत असल्यामुळे शीर्षकगीत या पिढ्यांच्या सामाईक स्मरणात राहिले आहे.